पार्किंगमधला प्लग

मला ती मोटरसायकल पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि ते मी तेव्हाही लपवलं नाही. एप्रिलमधला शनिवार होता. दिल्लीच्या मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पाण्याच्या पंपाचा टायमर लावत उभा होतो. कोणीतरी मागून खांद्याला हात लावला आणि मी दचकलो. वळून पाहतो तर माझी मुलगी, डोक्यावर हेल्मेट, त्या काळ्या धुडावर बसून हसतेय. गाडी हातभर अंतरावर येऊन उभी राहिली तरी मला पत्ता नव्हता. येताना ऐकूच येत नाही असलं वाहन रस्त्यावर आणणाऱ्यांना पायी चालणाऱ्यांचा राग असणार, असं मी तिला तिथल्या तिथे सुनावलं.

“बाबा, आधी बघा तर सही,” ती म्हणाली.

बघितलं. पेट्रोलच्या टाकीच्या जागी टाकीच्याच आकाराचं झाकण होतं आणि त्याखाली चार्जर ठेवायचा कप्पा. टाकीच नाही तर टाकीचं सोंग कशाला, असं मी विचारलं. लोकांना मोटरसायकल म्हटली की तोच आकार लागतो, गुडघे टेकवायला काहीतरी हवं असतं, असं तिने सांगितलं. क्लच नाही, गिअर नाही, किक नाही. समोर मोबाइलसारखी काच, तिच्यावर बॅटरी किती टक्के उरली ते आकड्यात. एकदा चार्ज केली की दीडशे किलोमीटर जाते, असं म्हणे कंपनी सांगते.

“आणि खरं किती?”

“शंभर. थंडीत थोडी कमी. आमचा टेस्टचा रस्ता दिल्लीसारखा नसतो ना.”

हे ती काही न वाटता बोलून गेली. ‘आमचा’ म्हणाली, कारण ती गाडी तिच्याच कंपनीची होती. मानेसरच्या त्या कंपनीत ती तीन वर्षं टेस्टिंगला होती. मे महिन्यात भर दुपारी गाडी पळवायची आणि बॅटरी किती तापली की मोटर आपोआप जोर कमी करते ते लिहून काढायचं, हे तिचं काम. हातमोजा आणि बाही यांच्यामधला मनगटाचा पट्टा उन्हाने कायमचा काळवंडला होता. पहिल्या शंभर गाड्यांतली एक तिने स्वतःसाठी घेतली होती. तिच्या डोळ्यांत जो आनंद होता तो तिच्या दहावीच्या निकालालाही मी पाहिला नव्हता. त्या आनंदानेच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तिडीक का, तेही सांगतो. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात एकतीस वर्षं काढली. असिस्टंट म्हणून लागलो, अवर सचिव झालो. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून मुलंमुली इथे येऊन दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात आणि यूपीएससीच्या परीक्षेसाठी डोळे फोडून घेतात. गणपतीत मंडळाच्या जेवणाला ती येत, मला सर म्हणत, वाढत आणि खाली मान घालून जेवत. आणि माझ्या घरात जन्मलेली, जिला पुस्तकं, क्लास, वेगळी खोली सगळं होतं, ती म्हणाली, मला गाड्या करायच्या आहेत. लोकांनी विचारलं की मी ‘प्रायव्हेटमध्ये आहे’ एवढंच सांगून विषय बदलत असे.

आता प्लगचं सांगतो, कारण घोडं तिथेच अडलं. आमच्याकडून मानेसर साठ किलोमीटर. संध्याकाळी कंपनीत गाडी पूर्ण चार्ज करून निघाली की घरी पोचेपर्यंत चाळीस टक्के उरत. सकाळी परत जायला साठ लागणार. म्हणजे रोज वीस टक्के कमी. पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचा एक प्लग मिळाला असता तर तास-दीड तासात ते भागलं असतं. त्या गाडीची बॅटरी काढून वर घरात आणता येत नाही. ती गाडीच्या पोटात बोल्टने बसवलेली असते आणि माणसाला उचलवत नाही. आणि आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये कोणतंही वाहन चार्ज करायला बंदी होती. त्या परिपत्रकाखाली मानद सचिव म्हणून सही माझी होती.

ते परिपत्रक कसं निघालं हेही सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने आपली इलेक्ट्रिक स्कूटर पंपाशेजारच्या सॉकेटला लावली होती. सॉकेटमधून धूर आला, भिंत काळी झाली, बाया-मुलं खाली धावली. कोणाला काही झालं नाही. इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिलं आणि सांगितलं की सॉकेटच्या आतली तार सैल होती, कित्येक वर्षांची. म्हणजे दोष सोसायटीचा. पण इतिवृत्त मी लिहायला बसलो तेव्हा ‘बॅटरीवर चालणाऱ्या वाहनामुळे घडलेली घटना’ असं लिहिलं. खोटं नव्हतं. स्कूटर होतीच की तिथे. एकतीस वर्षं हेच शिकलो होतो, वाक्य असं लिहायचं की आपल्यावर काही येऊ नये. भाडेकरू महिन्याभरात घर सोडून गेला.

मुलीला हे सगळं माहीत होतं. त्या दिवशी सॉकेट बघायला तीच इलेक्ट्रिशियनबरोबर उभी होती.

तर त्या शनिवारी जेवताना ती म्हणाली, “बाबा, आपल्या स्लॉटला एक पॉइंट लावून घेऊया. आपल्याच मीटरवरून. खर्च माझा.”

मी म्हणालो, “लेखी दे.”

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. माझी बायको मात्र वाढता वाढता थांबली. तिने माझा चेहरा बघितला होता.

दुसऱ्या दिवशी मुलीने अर्ज दिला. इंग्रजीत एक पान, सोबत वायरिंगचं चित्र, कोणता स्विच, कोणती अर्थिंग, सगळं. इतका नेटका अर्ज माझ्या सेक्शनमध्ये कोणी दिला नसेल. मी नवीन फोल्डर काढला, त्यावर विषय लिहिला, अर्ज टॅगने बांधला आणि पहिल्या पानावर टिप्पणी लिहिली: अर्जदार ही मानद सचिवांची कन्या असल्याने प्रकरण समितीपुढे ठेवण्यात येत आहे. लिहिताना मला बरं वाटत होतं. आपण किती सरळ आहोत हे सोसायटीला दिसेल, असं वाटत होतं.

समितीची बैठक पुढच्या रविवारी सकाळी झाली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त सहसचिव, ऐंशीला टेकलेले, सकाळी चालून आले की थेट ऑफिसात येऊन चहा पिणारे. त्यांनी अर्ज उलटून पाहिला.

“अरे भाई, बिटिया इंजीनियर है, ड्रॉइंग भी दी है,” ते म्हणाले. “लगवा दीजिए। इसमें क्या है?”

बाकीचे चौघे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो की नियम सगळ्यांना सारखा असावा. फायरवाल्यांचं मत घ्यावं, वीज कंपनीला लोडबद्दल विचारावं, विमा कंपनीला पत्र लिहावं. अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याच टिप्पणीखाली पेनाने लिहिलं, ‘सचिव योग्य समझें वैसा करें।’ सही केली आणि चहा मागवला.

म्हणजे निर्णय माझ्यावरच सोडला होता. हे मी घरी सांगितलं नाही. घरी सांगितलं, “विचाराधीन आहे.”

मे उजाडला. मी तीन पत्रं पाठवली. उत्तर येणार नाही अशा पद्धतीने पत्र कसं लिहायचं ते मला येतं. एका पत्रात दोन खात्यांचे प्रश्न घालायचे, म्हणजे दोन्ही खाती ते दुसऱ्याचं समजतात. मुलगी दर दोन-तीन दिवसांनी विचारायची, “बाबा, कुछ हुआ?” मी म्हणायचो, “पत्र गेलंय.”

तोवर ती मार्केटमधल्या चार्जिंग पॉइंटवर जायची. तिथे दोन प्लग. एक कायम बंद, दुसऱ्यासमोर कोणाची तरी गाडी चार्ज न करताच उभी. कंपनीतून येऊन ती तिथे फुटपाथवर बसायची. आधी बॅटरी थंड होईपर्यंत थांबायचं, मग नंबर लागला तर तासभर चार्ज. दिवसभराच्या बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत फुटपाथची फरशी तापलेली, पाण्याची बाटली संपलेली. एकदा भाजी आणायला गेलेल्या माझ्या बायकोने तिला तिथे पाहिलं. गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून ती काम करत होती आणि घामाने कपाळावर केस चिकटले होते. बायकोने भाजी तशीच ओट्यावर ठेवली आणि मला विचारलं, “अहो, तुम्हाला नक्की हवंय काय?”

मी म्हणालो, “नियम म्हणजे नियम.”

खरं उत्तर वेगळं होतं. मला ती थकायला हवी होती. रोज फुटपाथवर बसून कंटाळेल, गाडी विकेल, मग पुढचं पुढे. परीक्षेचं वयही अजून गेलं नव्हतं. वाईट विचार होता, पण होता. आणि त्यात थोडी भीतीही होती हे खरं. बिनआवाजाची गाडी, महामार्गावरचे ट्रक, आणि बॅटरी पेटल्याचे मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ मी एकेक करून पाहत होतो. पण भीती मी तिला कधी बोलून दाखवली नाही. तिला मी फक्त नियम दाखवला. बापाची काळजी ऐकली असती तर कदाचित तिने भांडून का होईना, काही मार्ग काढला असता. नियमाशी ती भांडू शकत नव्हती, कारण नियम मीच होतो.

मग एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी आडवा झालो होतो. उठून बाल्कनीत आलो तर बाल्कनीच्या प्लगमधून जाड पिवळी वायर निघून कठड्यावरून खाली गेली होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. वायर दोन ठिकाणी दोरीने नीट बांधलेली होती, घासू नये म्हणून कठड्यावर रबर घातलेलं होतं. खाली आमच्या स्लॉटमध्ये ती मोटरसायकल मजेत चार्ज होत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सचिवाच्या घरातून, सगळ्या सोसायटीच्या देखत.

मी बटण बंद केलं, खाली जाऊन गाडीचा प्लग काढला आणि परत येऊन वायर वर ओढून घेतली.

तासाभराने ती खाली गेली आणि परत वर आली. ओरडली नाही. वायरचं वेटोळं उचलून तिने कोपऱ्यात ठेवलं आणि विचारलं, “कितीला काढली?”

“काय?”

“किती वाजता काढली? मला उद्या पोचता येईल की नाही, हिशोब लावायचाय.”

मी वेळ सांगितली. तिने मोबाइलवर काहीतरी पाहिलं. “नाही पुरणार,” म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी ती पहाटे मेट्रोने निघाली. त्या दिवशी तिच्या टीमच्या नवीन बॅटरीची पहिली टेस्ट होती आणि गाडी ती स्वतः चालवणार होती. ती पोचेपर्यंत दुसऱ्याने सुरुवात केली होती. हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं.

आणि मी त्या सोमवारी काय केलं? नोटीस काढली. सोसायटीच्या लेटरहेडवर, आमच्याच फ्लॅटला. परिपत्रकाचा भंग, पुन्हा घडल्यास योग्य ती कारवाई, खाली माझी सही. एक प्रत फायलीला, एक नोटीस बोर्डावर. आमच्या घराची प्रत मी स्वतः दाराच्या फटीतून आत सरकवली, मग बेल वाजवून आत गेलो. आज हे लिहितानाही कानशिलं तापतात. तेव्हा मात्र छाती फुगली होती. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी लिफ्टमध्ये हात मिळवला. एक म्हणाला, “सर, आप जैसे लोग अब कहाँ मिलते हैं।” माझ्यासारखे लोक दिल्लीत पोत्याने मिळतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मुलीने नोटीस वाचली, घडी घातली आणि जेवणाच्या टेबलावर मीठदाणीखाली ठेवली. दोन दिवस ती तिथेच होती. बायको ती न हलवता आजूबाजूने ताटं मांडत राहिली. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली की मानेसरच्या अलीकडे, गुरुग्रामच्या जुन्या भागात तिने खोली बघितली आहे.

“एवढ्याशा कारणासाठी?” मी म्हणालो.

“बाबा, एवढंसं होतं म्हणूनच,” ती म्हणाली. “मोठं असतं तर समजलं असतं ना यार. एक प्लग होता.”

मग ती म्हणाली, “ती तार सैल होती हे तुम्हाला माहीत होतं.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. सामान टेम्पोतून गेलं, ती मोटरसायकलवर. टेम्पो वळल्यावर बायको जिना चढून वर आली. लिफ्ट असून जिना चढली. दार लावलं आणि म्हणाली, “तुम्ही मुलीला घराबाहेर काढलंत. सोसायटीच्या लेटरहेडवर.” त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं मुलीची खोली बघायला गेलो. तळमजला, समोर अंगण, घरमालक पागोटं बांधलेला म्हातारा, दोन म्हशी. मोटरसायकल खिडकीखाली उभी होती आणि खिडकीच्या गजातून आलेली वायर तिला लावलेली होती. वर पत्र्याचं छोटं छप्पर ठोकलेलं होतं. छप्पर कोणी केलं, मी विचारलं. म्हातारा हरयाणवीत म्हणाला, “मन्ने। बारिश आवै थी। छोरी की गाड़ी सै, चार्ज तो करैगी ही।” त्याने परवानगी दिली वगैरे काही म्हटलं नाही. परवानगी मागायची गोष्ट असते हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मला त्या माणसाचा इतका राग आला की त्याने दिलेलं ताक मी अर्धं सोडलं.

मुलीने चहा केला. कामाचं बोलली, पण आईशी. तिने लिहून दिलेल्या टेस्टवरून म्हणे कंपनी आता दीडशेऐवजी खरा आकडा छापणार होती. गिऱ्हाइकाला घरी पोचता आलं पाहिजे, असं तिने मीटिंगमध्ये सांगितलं होतं. वरिष्ठ चिडले होते, मग ऐकलं. ती हे सांगत होती आणि मी कपाकडे बघत होतो. मी एक वाक्य वाकडं लिहून इभ्रत राखली होती, आणि हिने एक आकडा सरळ लिहायला लावण्यासाठी नोकरी पणाला लावली होती. असं पोर माझ्या पोटी आलं याचा अभिमान मला तिथे त्या खाटेवर बसून वाटला, आणि मी उरलेला चहा एका घोटात संपवला.

परत आल्यावर मी फाइल काढली. बैठक बोलावली. पहिल्यांदा जुन्या घटनेचं इतिवृत्त दुरुस्त केलं: धूर सोसायटीच्या सॉकेटमधल्या सैल तारेमुळे आला होता. मग परिपत्रक रद्द केलं. मग तिच्याच चित्राप्रमाणे आमच्या स्लॉटला पॉइंट बसवायची मंजुरी दिली. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत झालं. तीन पत्रांपैकी एकाचंही उत्तर आलेलं नव्हतं आणि कोणी ते विचारलंही नाही. अध्यक्ष म्हणाले, “मैंने तो अप्रैल में ही लिख दिया था।” बायको तेव्हा ऑफिसच्या दारात मला जेवायला बोलवायला आलेली होती. तिने ते ऐकलं. ती तशीच वळून गेली.

इलेक्ट्रिशियनला मी समोर उभं राहून काम करायला लावलं. प्रत्येक तार ओढून पाहिली. त्या भिंतीवर आता पांढरी पेटी आहे, तिला झाकण आहे, झाकणाला कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात.

मुलगी दिवाळीनंतरच्या रविवारी आली. धुरक्याने डोळे चुरचुरत होते. गाडी तिने आत आणली नाही, फाटकाबाहेर कडुनिंबाखाली लावली. आईने तिच्यासाठी वाटली डाळ आणि साटोऱ्या केल्या होत्या. जेवण झालं. मी दोनदा खिशात हात घालून काढला. शेवटी म्हणालो, “खाली पॉइंट बसवलाय. तुझ्या ड्रॉइंगप्रमाणे. गाडी आत घे, चार्जिंगला लाव. तीन तासांत फुल होईल. रात्री रहा.”

ती साटोरी खात होती. खाऊन संपवली, बोटं पुसली, मोबाइल उचलून पाहिला.

“नको बाबा,” ती म्हणाली. “छप्पन्न टक्के आहे. जाण्यापुरतं आहे.”

रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती रागावलेली नव्हती. तिने येताना आणलेला डबा आईकडे रिकामा करून मागितला, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, “चारला निघते. मग अंधार पडायच्या आत घरी पोचेन.”